पागेतल्या वस्तू आणि त्यांची हकीकत

मागच्या अंकात मी माझ्या आजोबांच्या हातच्या, घोड्याच्या एका नालेबद्दल लिहिलं होतं. ते ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, नालबंद होते, घोड्यांना नाल ठोकणारे. त्यांच्या हातची एकच नाल आमच्या घरात उरली आहे. बाहेरच्या अंगाला चार भोकं, आतल्या अंगाला तीन, आणि एका भोकात मोडका खिळा अजून रुतून बसलेला. त्या छोट्या लेखावर इतकी पत्रं आली की या वेळी सदराची सगळी पानं त्यांच्या उत्तरांनाच द्यायची असं संपादकांनी ठरवलं. नव्या वाचकांसाठी सांगते, ग्वाल्हेर शहराच्या लष्कर भागात, पाटणकर बाजारात आमचं फ्रेमिंगचं आणि पुस्तकबांधणीचं दुकान होतं. वडिलांच्या मागे ३१ वर्षं मी ते चालवलं. घोडदळाची चित्रं, पुस्तकं, कागद, पदकं जमवायचा नाद त्या दुकानातच लागला.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत कागदाच्या पुडीत एक गोल पदक सापडलं. एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा माणूस आणि १९१४, १९१८ हे आकडे. पार काळं पडलंय. आई म्हणते चिंच लावून घास, काका म्हणतात सराफ्यात वजन करून बघ. काय करू?
– एक वाचक, शिंदे की छावणी, ग्वाल्हेर

दादा, चिंच लावू नका आणि सराफ्याची पायरीही चढू नका. आधी ते पदक उजेडात आडवं धरा आणि त्याची कड वाचा.

तुमच्या हातात आहे ते पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल. व्यास ३६ मिलिमीटर, धातू चांदी. राजा पाचवा जॉर्ज. मागचा उघडा घोडेस्वार म्हणजे सेंट जॉर्ज. त्याच्या घोड्याच्या टापांखाली नीट बघा, गरुडाचं चिन्ह असलेली ढाल तुडवलेली दिसेल. तो प्रशियाचा गरुड. हे पदक लाखोंनी वाटलं गेलं, त्यामुळे पदक म्हणून ते दुर्मीळ नाही. मोल आहे ते कडेवरच्या अक्षरांचं. तिथे शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. घोडदळातला असेल तर हुद्दा सवार, दफेदार, जमादार, रिसालदार असा काही तरी निघेल. एवढ्या मोठ्या युद्धात तुमच्या घरच्या शिपायाचं नाव धातूवर उमटलेली जागा बहुधा ही एकच असेल, आणि चिंच पहिल्यांदा तीच अक्षरं झिजवते. वर्षानुवर्षं दर दसऱ्याला भांड्यांबरोबर घासलेली पदकं मी पाहिली आहेत. राजाचं नाकही गेलेलं असतं आणि शिपायाचं नावही.

अक्षरं पुसट असतील तर पतंगाच्या कागदासारख्या पातळ कागदाची पट्टी कडेभोवती गुंडाळा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवा. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून छाप काढायचो, तसंच. डोळ्यांना न दिसणारी अक्षरं कागदावर उतरतात.

ज्या पुडीत ते मिळालं ती पुडी फेकली नसेल अशी आशा करते. वर्तमानपत्राचा तुकडा असेल तर त्यावर तारीख किंवा एखादी बातमी असेल, म्हणजे पदक कुणी, कधी गुंडाळून ठेवलं त्याचा माग लागतो. ती वेगळ्या पाकिटात जपा. पदक स्वच्छ सुती कापडात ठेवा. रबरबँड लावू नका, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. ट्रंक पुन्हा एकदा झाडून बघा. याच्या जोडीने बहुतेकांना पितळी रंगाचं, पंख पसरलेल्या देवतेचं दुसरं पदक मिळे. घरातली माणसं ते सोनं नाही म्हणून मुलांना खेळायला देत, त्यामुळे ते ट्रंकेच्या तळाशी किंवा पोरांच्या डब्यात निघतं. आणि आजच संध्याकाळी आजींजवळ बसा. कोण, कुठे, कधी गेला, परत आला का, जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या.

हे इतक्या तळमळीने लिहायला कारण आहे. आमच्या घरातही असंच पदक होतं. आजोबांचे थोरले भाऊ सवार होते, त्यांचं. आत्याच्या लग्नात चांदी कमी पडली तेव्हा ते वजनावर गेलं. कुणाचा दोष काढत नाही, घरात चार तोळे चांदीची गरज होती आणि पदक भिंतीवरच्या खिळ्याला लटकत होतं. पण कडेवर काय लिहिलं होतं ते कुणी वाचून ठेवलं नाही. थोरल्या आजोबांचा नंबर, त्यांचा रिसाला, सगळं त्या मुशीत गेलं. आता माझ्याकडे फक्त रिबीन आहे, माझ्या करंगळीएवढी. मधे रुंद केशरी पट्टा, दोन्ही बाजूंना पांढरी, मग काळी, आणि काठाला निळी रेघ. केशरी रंग उन्हाने हळदीसारखा झालाय. एका टोकाला टाचणीची दोन भोकं आहेत. एवढ्यावरून माणूस शोधता येत नाही.

प्रश्न : एक विक्रेता ‘हैफा लढाईतल्या ग्वाल्हेर लान्सर्सचा बिल्ला’ म्हणून नागाचं चिन्ह असलेला पितळी बिल्ला विकतोय. घ्यावा का?
– एक वाचक, मुरार

बिल्ला आवडला असेल तर बिल्ला म्हणून घ्या, हैफाचे पैसे देऊ नका. पहिल्या महायुद्धात, २३ सप्टेंबर १९१८ ला, पॅलेस्टाइनमधलं हैफा बंदर घेणाऱ्या घोडदळ ब्रिगेडमध्ये जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद या संस्थानांचे लान्सर्स, म्हणजे भालाईत घोडेस्वार, होते. मेजर दलपतसिंह शेखावत तिथेच पडले. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातले तीन शिपाई हे याच तीन संस्थानांचे. २०१८ पासून त्या चौकाच्या नावात हैफाही जोडलं गेलं आहे. ग्वाल्हेर त्यात नाही.

नाग हे शिंद्यांचं चिन्ह आहे, तेव्हा बिल्ला ग्वाल्हेरचा असेलही. आणि ग्वाल्हेरच्या लान्सर्सना उसन्या लढाईची गरज काय? स्वातंत्र्यानंतर संस्थानांची घोडदळं एकत्र करून १९५३ साली भारतीय सैन्याचा जो घोडदळ रेजिमेंट उभा राहिला, आजचा ६१ कॅव्हलरी, तो आपल्या ग्वाल्हेरात उभा राहिला. त्यात ग्वाल्हेरचे सवार होते. त्या काळातला एखादा फोटो, रजेचा कागद, पगाराचं पुस्तक तुमच्या मुरारमधल्या जुन्या घरांतून निघू शकेल. त्याच्या मागे लागा.

प्रश्न : वय २७, इंदुरात नोकरी करतो. मराठा घोडदळावर संग्रह सुरू करायचाय. महिन्याला दोन हजार बाजूला काढू शकेन. आधी काय घेऊ, ताई?
– एक वाचक, इंदूर

पहिले तीन महिने काहीही घेऊ नका. एक जाड वही घ्या, शिवलेली, स्पायरलची नको.

त्या तीन महिन्यांत वाचा. सुरुवात सभासदाच्या बखरीपासून. कृष्णाजी अनंत सभासदाने ती १६९७ मध्ये राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली. पुस्तक लहान आहे, जुन्या बाजारात चहाच्या पैशांत मिळतं. शिवाजी महाराजांच्या पागेची, म्हणजे सरकारी घोडदळाची, रचना त्यात आहे. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून तो बारगीर, ज्याचं स्वतःचं तो शिलेदार. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, त्याच्यावर पंचहजारी आणि सगळ्यांवर सरनोबत. हे बरेचदा शाळेतही शिकवतात. शाळेत वगळतात ती पुढची गोष्ट, की दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी, म्हणजे पाणी वाहणारा, आणि एक नालबंद.

ही ओळ मी दुकानात वाचली. कुणाची तरी मोडकळीला आलेली प्रत बांधायला आली होती, पानं जुळवता जुळवता नजर पडली. हातातली सुई तशीच राहिली. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या हिशेबात माझे आजोबा होते. पंचवीस घोड्यांमागे एक माणूस, खाली वाकलेला, मांडीत खूर धरलेला. सरनोबतांची नावं सगळ्यांना पाठ असतात, नेताजी, प्रतापराव, हंबीरराव. नालबंदाचं नाव कुणी लिहिलं नाही. माझ्या संग्रहाची दिशा त्या दुपारी ठरली. तुमचीही अशी एखादी ओळ सापडू द्या. तोवर पाकीट उघडू नका.

आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचं उदाहरण देते. शाळामास्तर होते, पगार बेताचा. ते फक्त पखालीची चित्रं जमवत. फौजेच्या जुन्या छापील चित्रांत पुढे सरदार, मधे हत्ती, आणि मागे कुठे तरी कोपऱ्यात पाण्याची पखाल घेतलेला बैल आणि त्याच्याबरोबर एक माणूस. अशी चित्रं कुणाला नको असतात, म्हणून स्वस्त मिळत. वीस वर्षांत त्यांच्याकडे सहा जाड अल्बम झाले. फौज पाणी कशी प्यायली हे ज्याला समजून घ्यायचंय त्याने ते अल्बम बघावेत. मी ते बांधले आहेत, म्हणून सांगते.

इंग्रजी चालत असेल तर सुरेंद्रनाथ सेन यांचं मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरचं १९२८ चं पुस्तक आणि मोगल फौजेवरचं विल्यम आयर्विनचं १९०३ चं पुस्तक, ही दोन जवळ असावीत. एक मराठ्यांचं, दुसरं समोरच्यांचं. दोन्हींच्या नव्या आवृत्त्या तुमच्या बजेटात बसतील. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा. त्यात पानिपतापर्यंतची पत्रं आहेत. जुनी प्रत हाताला लागली तर सोडू नका. पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड आहेत. अख्खा संच घ्यायचा मोह आवरा, एकेक खंड चाळा आणि तुमच्या विषयाचाच घ्या.

आता माझं लाडकं पुस्तक. टॉमस ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर फिरत होता. त्याने भावाला लिहिलेली पत्रं १८१३ साली लंडनला छापली, ‘लेटर्स रिटन इन अ मराठा कॅम्प’. त्याची मतं साहेबाचीच आहेत, मराठ्यांबद्दल आकस जागोजागी दिसतो, आणि ते वाचताना मन खट्टू होतं. पण डोळे उघडे होते त्याचे. छावणीचा बाजार, पागा, पावसात चिखल, पगार थकला म्हणून धरणं धरून बसलेले शिपाई, होळी, सगळं त्यात आहे. आतली रंगीत चित्रं एका हिंदुस्थानी चित्रकाराच्या रेखाटनांवरून केलेली. पहिली आवृत्ती तुमच्या-माझ्या आवाक्याबाहेरची. मजकूर इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचा. मी तसाच वाचला. ग्वाल्हेरकरांनी तर वाचावंच, कारण ती फिरती छावणी पुढच्याच वर्षी, १८१० मध्ये, किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली आणि तिचंच लष्कर शहर झालं. आपण राहतो ते गावच एका फौजेचा मुक्काम आहे.

यातून एक फुकटचा संग्रह निघतो. आमच्याकडे वस्त्यांची नावं बघा : चिटणीस की गोठ, निंबाळकर की गोठ, आपटे की पायगा, कंपू. गोठ म्हणजे सरदाराच्या तळाची जागा, पायगा म्हणजे पागाच, आणि कंपू हे कॅम्पचं रूप, कवायती पलटणींसाठी रूढ झालेलं. ही नावं असलेल्या दुकानांवरच्या पाट्या, पत्त्यांचे लिफाफे, लग्नपत्रिका मी गेली १५ वर्षं जमवते आहे. पाट्या बदलतात, वस्तीला नवं ‘नगर’ नाव मिळतं आणि पागा पुसली जाते. इंदुरातही हे करता येईल. आणि एखाद्या रविवारी महिदपूरला जा. २१ डिसेंबर १८१७ ला क्षिप्रेच्या काठी होळकरांची फौज इंग्रजांशी लढली आणि हरली. पुढच्याच महिन्यात मंदसौरचा तह झाला आणि त्यातून तुमच्या शेजारची महूची छावणी आली. नदीचा उतार बघा, तोफा कुठे असतील, घोडी कुठून उतरली असतील, वहीत काढा. ते पान तुमच्या संग्रहातली पहिली वस्तू समजा.

विकत घ्यायला लागाल तेव्हा एवढं पाळा. जीन भरायला चिंध्या कोंबत, त्यावरून आपल्याकडे खोगीरभरती हा शब्द आला. घोडा दिसला की घे, पुतळा दिसला की घे, असं केलं की कपाटात तीच होते. आणि प्रत्येक वस्तूची हकीकत ज्या दिवशी वस्तू आली त्याच दिवशी वहीत लिहा. कुणाकडून, कितीला, तो काय म्हणाला, त्याच्याकडे कुठून आली. विकणारा म्हणाला ते खरं की खोटं हे नंतर ठरवता येतं, पण लिहिलेलं असेल तर.

प्रश्न : पुतळ्यातल्या घोड्याचे दोन पाय वर असले तर स्वार लढाईत पडला, एक पाय वर असला तर जखमांनी गेला, हे खरं का?
– एक वाचक, बडोदा

नाही. असा नियम नाही, शिल्पकार तोल आणि डौल बघतो. शिवाजी महाराजांचे दोन्ही पाय उचललेल्या घोड्यावरचे पुतळे कितीतरी गावांत आहेत, आणि महाराज ३ एप्रिल १६८० ला रायगडावर वारले.

प्रश्न : ‘१९११ चं मूळ चित्र’ म्हणून एका दुकानात बंगाल लान्सरच्या सवाराचं फ्रेम केलेलं चित्र ७,५०० रुपयांना सांगतात. खरं-खोटं कसं ओळखू?
– एक वाचक, बडोदा

तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून ते ‘द आर्मीज ऑफ इंडिया’ या १९११ च्या पुस्तकातलं पान दिसतंय. चित्रं मेजर लव्हेट यांची, मजकूर मॅकमन यांचा, रंगीत चित्रं ७२. तेव्हा ‘मूळ चित्र’ हा शब्द चूक आहे. मूळ चित्र म्हणजे लव्हेटच्या हातचा जलरंग. हे पुस्तकातलं छापील पान आहे, किंवा त्या पानाची आजची नक्कल.

दोन्हींतला फरक घड्याळजीच्या दहापट भिंगातून कळतो. दुकानदाराला फ्रेम उघडायला सांगा. काचेवरून बघू नका. पान १९११ चं असेल तर पिवळा, लाल, निळा अशा तीन रंगांच्या बारीक ठिपक्यांच्या ओळी दिसतील आणि काळा रंग वेगळा दिसणार नाही, कारण त्या काळी असली चित्रं तीनच रंगांत छापत. ठिपके दिसले म्हणजे नकली, असं पुष्कळ जण सांगतात, ते या बाबतीत चूक आहे. चौथे काळे ठिपके दिसले तर अलीकडची छपाई. ठिपक्यांच्या ओळीच नसून रंगाचे तुषार विखुरल्यासारखे दिसले तर घरच्या प्रिंटरवरचं. मग पान उलटा. चकचकीत, जड कागद हवा, आणि एका कडेला डिंकाची किंवा फाडल्याची खरबरीत रेघ हवी. याहून जुनी, १८१३ च्या सुमाराची चित्रं हाताने रंगवलेली असत. त्यात रंग रेषेबाहेर गेलेला दिसतो आणि चित्राभोवती तांब्याच्या पत्र्याने दाबलेली चौकट बोटाला लागते.

आता ती खरबरीत रेघ. याबद्दल लिहायचं टाळलं असतं तर सोपं झालं असतं. दुकान हातात आलं त्या वर्षी एक गिऱ्हाईक याच पुस्तकाची अख्खी प्रत घेऊन आलं. चित्रं सुटी करून फ्रेम करून द्या म्हणालं. ७२ फ्रेमांचं काम होतं. मी धारदार पातं घेतलं आणि एकेक चित्र सोडवत गेले. दोन दिवस लागले. वडील तेव्हा आजारी, माडीवर झोपून. त्यांना कळलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, फक्त उरलेला मजकुराचा गठ्ठा मागून घेतला आणि उशाशी ठेवला. चित्रं कुठे कुठे गेली मला माहीत नाही. कुठल्या तरी दिवाणखान्यात पिवळ्या कुडत्यातला सवार टांगलेला असेल, आणि त्याच्याबद्दल चार पानं जे लिहिलंय ते माझ्या कपाटात. मजकुराच्या मधे कोऱ्या डिंकाच्या रेघा तेवढ्या आहेत. तो गठ्ठा मी बांधला नाही. बांधला की पुस्तक पुरं झाल्यासारखं दिसेल, आणि ते पुरं नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, सुटं पान घ्यायचंच असेल तर घ्या, ते आधीच सुटलंय. पण ७,५०० त्याला जास्त आहेत. त्यात काही भर घालून, थोडं थांबून, मोडक्या बांधणीची का होईना पण अख्खी प्रत शोधा. बांधणी दुरुस्त होते. आणि आता असलेल्या फ्रेमच्या मागे हार्डबोर्ड असेल तर तो आधी काढा, चित्रावर तपकिरी डाग त्यानेच पडतात. सेलोटेप लावलेली असेल तर ओढू नका, जाणकाराकडे न्या.

प्रश्न : पानिपतावरच्या मराठा सवाराची म्हणून तलवार विकत घेतली. पात्यावर विलायती अक्षरं आहेत. फसलो का?
– एक वाचक, थाटीपूर, ग्वाल्हेर

विलायती अक्षरांमुळे तरी नाही. परदेशातून पाती यायची आणि मूठ इथे चढायची, अशा तलवारीला फिरंगीच म्हणत. मराठ्यांची सरळ पात्याची धोप पुष्कळदा अशीच असे. घाबरायचं ते पानिपताला. १४ जानेवारी १७६१ ला त्या रणावर पडलेली तलवार कुणी उचलली, पुढे कुणाकडे गेली, हे सांगणारा कागद नसेल तर पानिपत हे नाव किमतीतून वजा करा. पातं उन्हात तिरपं धरून बघा. ग्राइंडरच्या समांतर बारीक रेघा दिसल्या, किंवा गंज सगळीकडे एकसारखा, तेजाबात बुडवल्यासारखा दिसला, तर तलवार नवी. जुना गंज खड्ड्याखड्ड्यांनी येतो, मुठीपाशी जास्त.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. तलवार, भाला, कट्यार ही हत्यारं शस्त्र कायद्यात येतात. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत जाऊन घरी ठेवण्याबद्दल विचारा, पावती बरोबर न्या. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यातही येते. ती देशाबाहेर नेता येत नाही, मुलगा परदेशात असला तरी त्याला भेट म्हणून पाठवू नका. मी स्वतः हत्यारं घेत नाही. माझ्या घरात नातवंडं आहेत.

प्रश्न : काकू, सासरे रिसाल्यात होते. त्यांचं जीन माळ्यावर आहे. दर पावसाळ्यात पांढरी बुरशी येते, वास येतो. यजमान टाकू देत नाहीत, मी हात लावायला भिते. काय करावं?
– एक वाचक, जनकगंज, ग्वाल्हेर

बाई, टाकू नका, आणि भिऊही नका. माळ्यावरून खाली आणा. आपल्या ग्वाल्हेरच्या मे महिन्यात माळा भट्टीसारखा तापतो, चामडं तडकतं, आणि त्याच तडांत मग पावसाळ्यात बुरशी धरते. कोरड्या दिवशी व्हरांड्यात, सावलीत ठेवा, ऊन नको. नाकातोंडाला फडकं बांधून मऊ ब्रशने बुरशी झाडा, मग कोरड्या कापडाने पुसा. पाणी लावू नका. खोबरेल तर मुळीच नको. सगळ्या घरांत तेच लावतात, आणि चामडं चिकट होऊन धूळ खातं. खाली जमिनीवर ठेवलं तर जीन फाकतं. लाकडी घोडीवर, नाही तर उशी घालून गोल लोडावर ठेवा, म्हणजे घोड्याच्या पाठीवर बसल्यासारखं बसेल. नमदा किंवा लोकरीची घडी सोबत असेल तर ती वेगळी काढून झटका. तिच्यात कसर असते आणि तीच चामड्यापर्यंत जाते. कडुनिंबाचा वाळका पाला कापडी पुरचुंडीत बांधून जवळ ठेवा, दर दोन महिन्यांनी बदला.

पुसताना एक करा. जीन उलटं करा, रिकिबीचा पट्टा जिथे अडकवतात त्या कडीच्या आसपासचं चामडं आणि बाजूच्या पाखांची आतली बाजू बॅटरी लावून बघा. सरकारी जिनांवर तिथे कारखान्याचा शिक्का आणि साल असतं. पुष्कळशी जिनं कानपूरच्या सरकारी कारखान्यातून आलेली. आणि कधी कधी सवाराने स्वतः मोळ्याच्या टोकाने काही कोरलेलं असतं, नंबर, घोड्याचं नाव, एखादी रेघ. अक्षरं मोडी असली तरी चालतील. पेन्सिल फिरवून छाप काढा आणि यजमानांना दाखवा, आधी त्यांना. मग मला पाठवा. कोणत्या पाखावर होतं, डाव्या की उजव्या, तेही लिहा.